उजवी म्हणजे तुमची उजवी

बोगोता,
रविवार, १७ मार्च १९९६

प्रिय बाबा,

आणि आता हे अवजारं विकायचं काय नवीन काढलंत? चष्म्यावरून वर्षभर जे चाललं ते कमी पडलं का? आत्याचं पत्र गुरुवारी मिळालं. पुपो न्हाव्याच्या पुतण्याकडून तुम्ही पंचेचाळीस हजार पेसो बयाणा घेतलात आणि ईस्टर झाला की तो हातगाडी घेऊन येणार म्हणे. तार ओढायच्या भोकांच्या तिन्ही पट्ट्या, फुंकणी, चिमटे, आजोबांचं ते एका पायानं लंगडं मेज, सगळं. बरं, तो काय चांदी घडवणार आहे? तो नदीकाठी खानावळ काढतोय, आणि हे सगळं तिच्या भिंतीला खिळे मारून टांगणार आहे, शोभेला. म्हणजे उद्या कुणीतरी मेदेयिनचा पाहुणा तळलेला मासा खाता खाता विचारणार, हे काय हो, आणि पुपोचा पुतण्या सांगणार, पूर्वी इथं तारकाम करणारे लोक होते ना, त्यांचं. पूर्वी म्हणे. आणि तुम्ही त्याच रस्त्यावर चार घरं पलीकडे खुर्ची टाकून बसलेले असाल, जिवंत. वर ‘प्रिय’ लिहिलंय ते पत्राला लिहितात म्हणून. त्यावरून मी निवळलोय असं समजू नका.

हे तुम्हाला आत्या वाचून दाखवत असणार, कारण तुमच्याकडे आता चष्मा नाही. निकोलासा आत्या, मधलं काही गाळू नकोस. मागच्या पत्रात मी ‘हट्टी म्हातारा’ लिहिलं होतं, ते तू ‘तब्येतीला जपा’ असं वाचलंस, हे तूच मला फोनवर सांगितलंस आणि वर हसलीस. या वेळी जसंच्या तसं वाच. त्यांना राग आला तर येऊ दे. मोम्पोसहून इथं पोचायला बसला आख्खा दिवस आणि रात्र लागते, तोवर तो उतरेल.

पहिल्यापासून सांगतो, कारण तुमच्या तोंडून गावाला जे कळलंय ते अर्धंच आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत नगरपालिकेनं डोळ्यांचं शिबिर भरवलं. आत्यानं तुम्हाला ओढत नेलं. त्या बिचाऱ्या डॉक्टरणीनं अर्धा तास तुमच्यावर घालवला, एकेक काच बदलून बदलून विचारलं, आता बरं दिसतं की मघाशी, आणि तुम्ही दर वेळी म्हणालात, सारखंच. तरी तिनं तुमचा नंबर काढला. म्हणजे ती बाई तिच्या कामात पक्की. आणि तिनं दिलेल्या कागदाचं तुम्ही काय केलंत? चार घड्या घालून मेजाच्या लंगड्या पायाखाली सारलात. वर सांगितलंत की डॉक्टरणीनं लॉटरीचे आकडे दिलेत. पुपोनं तर त्यातले ऐंशी आणि एकशे सत्तर लावले म्हणे, आणि हरला. बरं झालं.

यात तुमचा एकट्याचा दोष नाही हे मी मानतो. आपल्याकडे चष्मा म्हणजे रविवारी घाटावर तो कार्ताखेनाचा माणूस ताटात मांडून बसतो त्यातला एक. एकेक नाकावर चढवायचा, त्याच्याजवळच्या जुन्या वर्तमानपत्रातली ओळ वाचायची, वाचता आली की घासाघीस करायची आणि घरी यायचं. दोन डोळ्यांना दोन वेगळे नंबर असू शकतात हे तिथं कुणाला सांगितलं तर लोक म्हणतील, मग काय दोन माणसं बसलीत का आत. मीही तसाच होतो. चौथीतून शाळा सोडलेला पोरगा, मला कुठून कळणार?

आत्यानं मेजाखालून तो कागद काढून मला पाठवला. तेव्हा मी भिंगांच्या या कारखान्यात नवा होतो. आधी तीन वर्षं मी काय काय केलं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. विटा वाहिल्या, बाजारात बटाट्याची पोती वाहिली, एका बेकरीत राहिलो, तिथं मालकाशी भांडलो, मग दुसरीकडे भांडलो. कुठं टिकलो नाही. इथल्या थंडीत सकाळी गुळाचं गरम पाणी पिऊन बाहेर पडायचं आणि किनाऱ्यावरचा म्हणून बोलीवरून टोमणे खायचे. इथं आलो तेव्हा पहिले आठ महिने फरशी पुसली. तुम्ही लोकांना अजून ‘माझा मुलगा काचा पुसतो’ असं सांगता, तेही माझ्यापर्यंत आलंय. मग मला काचेची कड घासायच्या चाकावर बसवलं. आणि बाबा, तिथं पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की या पोराचा हात हलका आहे. ओतिलिया बाई म्हणाल्या. त्या इथं एकोणतीस वर्षं फ्रेममध्ये काचा बसवतात, तोंडानं सगळ्यांना सोलतात, मालकालाही. त्यांनी विचारलं, कुठं शिकलास रे? मी म्हटलं, चांदीच्या तारेवर. कुणाकडे ते सांगितलं नाही.

तर तुमचा चष्मा मी केला. मालकाची काच नाही वापरली, माझ्या पगारातून घेतली. सहा दिवस जेवणाच्या सुट्टीत, सगळे आमटी-भात खायला गेले की मी चाकावर. गोल फ्रेम घेतली, कारण कोपरे असलेली फ्रेम म्हणजे खिडकी नाकावर ठेवल्यासारखी वाटते असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. काच प्लास्टिकची नाही, खरी, जड, कारण समोर जाळ असतो. ओतिलिया बाई प्रत्येक चष्मा बाहेर जाण्याआधी यंत्राखाली धरून तपासतात. तुमचा मी त्यांना दाखवला नाही. मला वाटलं, यात दुसऱ्या कुणाचा हात नको. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझा. मग बसवाल्याच्या हातात दिला आणि त्याला दोनदा सांगितलं, यावर बसू नकोस.

आत्यानं लिहिलं, तुम्ही चष्मा घातलात, काढलात, बराच वेळ हातात धरून बघितलात. एक डोळा मिटलात, मग दुसरा. मग तो चष्मा खालचं वर केलात, तसाच डोळ्यांसमोर धरलात, आणि हसलात. एकदाच. मग मेण लावलेला दोरा मागितलात आणि उलटा घातलेला चष्मा डोक्यामागं बांधून कामाला बसलात. काड्यांची वळलेली टोकं आकाशाकडे. आणि तेव्हापासून रोज तसंच.

ते हसणं मी अकरा महिने चघळलं.

पुपोनं काय केलं ते तर तुम्हाला माहीतच आहे. त्याच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला, गालाला साबण लागलेला असताना, त्यानं ते ऐकवलं. उबाल्दो, तुझा पोरगा बोगोतात डोक्यावर उभा राहून काम करतो का रे? आणि तुम्ही म्हणालात, बोगोतात आता अशीच पद्धत आहे, तुमच्याकडे यायला दहा वर्षं लागतील. मग घाटावरची पोरं आपापले काळे चष्मे उलटे घालून तुमच्या दारावरून फिरली. इथं डिसेंबरात आपल्याकडचा एक ट्रकवाला आला, त्यानं खानावळीत सगळ्यांसमोर नक्कल करून दाखवली. डोक्याला रुमाल बांधून, नाकावर दोन बाटल्यांची बुचं धरून. सगळे हसले. मीही हसलो. काय करणार? नंतर मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि ठरवलं, या माणसाला आता पत्र नाही. पोरानं सहा दिवस उपाशी राहून केलेली वस्तू तुम्ही गावभर विनोद म्हणून मिरवलीत, असं मला वाटलं. फोनच्या ऑफिसात तुम्हाला बोलावलं तर तुम्ही आत्याला पाठवायचात. म्हणायचात, सांध्याला डाग अर्धा दिलाय, जाळ सोडून येता येत नाही. दर वेळी अर्धा डाग.

आणि आता तीन आठवड्यांपूर्वी तो घसरून दिव्यावर पडला. पडणारच. चष्म्याला नाकाची खाच एकाच बाजूला असते, उलटा केला की तो धरणार कशाला? मान खाली घातली आणि गेला. फ्रेम एका बाजूनं वितळून मेजाला चिकटली. आत्या म्हणते, तुम्ही चाकूनं खरवडून काढलात, धुतलात, फडक्यात गुंडाळलात. दुसऱ्या दिवशी कामाला बसला नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभरात पुपोच्या पुतण्याचा बयाणा खिशात. म्हणजे पासष्टाव्या वर्षी हात अजून थरथरत नाही, तार अजून तुमचं ऐकते, आणि हजार-दोन हजाराच्या फ्रेमपायी तुम्ही सगळं खिळ्याला टांगायला निघालात. मला एक ओळ लिहिली असतीत तर? नाही. त्यापेक्षा खानावळीची भिंत बरी.

आत्यानं तुम्हाला न विचारता तो वितळलेला चष्मा मला पाठवला, आणि गेल्या वर्षी मी चष्म्याबरोबर परत धाडलेला, तुम्ही पुन्हा मेजाखाली सारलेला डॉक्टरणीचा कागदही. मी नवा करून पाठवतोय, या पाकिटाबरोबर, कागदासकट. पण या वेळी तो नाकावर चढवण्याआधी तुम्ही स्वतः तपासायचा. माझ्यावर विश्वास ठेवून घालायचा नाही. त्यासाठी हा कागद वाचता यायला हवा. तुम्हीच म्हणायचात ना, ज्याला नमुना वाचता येत नाही त्यानं चांदीला हात लावू नये. मग हा नमुना आहे. आत्या, कागद मेजावर पसर आणि त्यांना बोटानं दाखव.

कागदावर दोन आडव्या ओळी आहेत. वरच्या ओळीच्या सुरुवातीला ओ.डी. लिहिलंय, तो उजवा डोळा. खालची ओ.आय., तो डावा. नेहमी उजवा वर. डॉक्टर कुणीही असो, गाव कुठलंही असो, उजवा वर. प्रत्येक ओळीत तीन आकडे आहेत. पहिला आकडा काचेची ताकद. त्याच्याआधी अधिकचं चिन्ह असेल तर काच मधे जाड, मसुराच्या दाण्यासारखी. वजाचं असेल तर मधे पातळ आणि कडेला जाड, ती लांबचं न दिसणाऱ्यांना. चिन्ह विसरलं तर आकडा कितीही बरोबर असो, माणूस भिंतीवर जाऊन आपटेल. आणि हे आकडे पाव-पावानं चढतात, आपण तारेची जाडी एकेका भोकानं कमी करत नेतो तसे. तुमच्या उजव्या डोळ्याला अधिक अर्धा. डाव्याला अधिक दोन. म्हणजे तुमचा डावा उजव्यापेक्षा बराच कच्चा आहे, हे त्या डॉक्टरणीला अर्ध्या तासात कळलं आणि तुम्हाला पासष्ट वर्षांत नाही. घाटावरच्या ताटातल्या चष्म्याला दोन्हीकडे एकच काच असते. तुम्ही वीस वर्षं एका डोळ्यानं काम केलंत.

दुसरा आकडा वजाचा आहे. तो लोकांना कळत नाही, मलाही कळत नव्हता. असं बघा. तुम्ही चांदीचा मणी करता, तो चेंडूसारखा गोल हवा. पण चिमट्यात जरा जास्त दाबला गेला की एका बाजूनं चपटा होतो. तुम्ही तो बाजूला टाकता. देव टाकत नाही, तो तसाच डोळ्यात बसवतो. मग होतं काय की उभी तार स्पष्ट दिसते आणि आडवी पिसारलेली, किंवा त्याच्या उलट. मेजावर एकाच जाडीच्या दोन तारा ठेवल्या तर एक जाड वाटते. आठवतं, तुम्ही मला ओरडायचात, तार एकसारखी ओढली नाहीस म्हणून? कितीदा तरी ती एकसारखी होती. तर त्या चपटेपणाची भरपाई म्हणजे हा दुसरा आकडा. उजव्याला पावणेदोन, डाव्याला फक्त अर्धा.

तिसरा आकडा दिशा सांगतो. चपटेपणा कुठल्या बाजूला ते. आडवी झोपलेली तार म्हणजे शून्य, ताठ उभी म्हणजे नव्वद, आणि पुन्हा फिरून झोपली की एकशे ऐंशी. एवढंच अर्धं वर्तुळ, पुढं जायची गरज नाही, कारण तार अर्धा फेरा फिरवली तरी तीच तार. तुमचा उजवा ऐंशी, म्हणजे जवळजवळ उभा. डावा एकशे सत्तर, म्हणजे जवळजवळ झोपलेला. पुपोच्या लॉटरीचे आकडे ते हेच. ही दिशा बोटभर जरी चुकली तरी जमीन तिरकी दिसते आणि डोकं दुखतं.

खाली एक सुटा आकडा आहे, अधिक अडीच. ती भर. वय झालं की जवळचं दिसायला जी जास्तीची ताकद लागते ती. तुम्हाला चष्मा कामापुरता हवा, म्हणून ती भर दोन्ही डोळ्यांच्या पहिल्या आकड्यात मिळवायची. उजवा अर्धा आणि अडीच, तीन झाले. डावा दोन आणि अडीच, साडेचार. दुसऱ्या-तिसऱ्या आकड्याला हात लावायचा नाही. आणि सगळ्यात खाली बासष्ट, ते दोन बाहुल्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. जवळच्या कामाला त्यातून थोडं कमी करतात, कारण जवळ बघताना डोळे आत वळतात. झालं. एवढाच कागद आहे. यात लॉटरी कुठं आहे?

एक गोष्ट राहिली, आणि ती कागदावर लिहिलेली नसते. काचा बसवणारा माणूस फ्रेम अशी धरतो की तिचं तोंड त्याच्याकडे असतं, जसा समोरचा माणूस आपल्याकडे बघतोय. म्हणजे घालणाऱ्याचा उजवा डोळा बसवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. जानेवारीत ओतिलिया बाईंनी मला चाकावरून उठवून बसवायच्या मेजावर घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी दुसरं काही शिकवलं नाही. दिवसभर रिकामी फ्रेम माझ्यासमोर धरायच्या आणि विचारायच्या, उजवी कुठली? मी दाखवली की विचारायच्या, कुणाची उजवी? तुझी की गिऱ्हाइकाची? चुकलो की लाकडी पट्टी बोटांवर. संध्याकाळी म्हणाल्या, नवीन आलेला प्रत्येक जण इथंच मार खातो, तुझं काही विशेष नाही, घरी जा.

माझं विशेष आहे हे त्यांना काय माहीत? ते तुम्हाला माहीत आहे. मी सतरा वर्षांचा होतो. रेमेदियोस शाळामास्तरणीच्या मुलीचं शनिवारी लग्न होतं आणि तिला कानात बगळे हवे होते, चांदीच्या तारेचे, दोघांच्या चोची गालाकडे. तुम्ही तापानं पडला होतात. पहिल्यांदा आख्खी जोडी माझ्या हातात आली. तीन दिवस मान वर केली नाही. पिसं अशी भरली होती की आत्या म्हणाली, फुंकर मारली तर उडतील. आणि शुक्रवारी तुम्ही उठून आलात आणि दोन्ही कानातली तळहातावर शेजारी ठेवलीत. दोन्ही बगळे एकाच दिशेला बघत होते. नवरीच्या एका कानात गालाकडे, दुसऱ्या कानात मागच्या वाड्यांकडे. मी एकाच नमुन्यावर दोन्ही केले होते, दुसरा पालटून घ्यायचा विसरलो. तुम्ही मला आत नेऊन सांगू शकला असतात. तुम्ही दार उघडून रस्त्यावर आलात, पुपोला हाक मारलीत, मास्तरणीला हाक मारलीत, आणि बगळे उंच धरून म्हणालात, बघा, याला डोळे आहेत पण उजवं-डावं नाही. हा हात चांदीला लागायचा नाही. रात्रभर बसून तुम्ही तापात नवीन जोडी केलीत. सोमवारी मी गाव सोडून जाणाऱ्या लाँचमध्ये होतो. त्यानंतर पाच वर्षांत आपण समोरासमोर एक शब्द बोललेलो नाही.

ते मी विसरलेलो नाही. ते तुम्ही चुकीचं बोललात असंही आता मी म्हणत नाही. पण गल्ली गोळा करायची गरज नव्हती.

नव्या फ्रेमच्या काड्या कानामागं पूर्ण वळतात, तारेच्या आहेत, मान कितीही खाली घातली तरी पडणार नाही. उजव्या काडीला मी लाल दोरा बांधलाय. आधी काचेतून एकेक डोळा झाकून बघा. मेजावर सर्वात बारीक तार उभी ठेवा, मग आडवी. दोन्ही सारख्या दिसल्या पाहिजेत. मग घाला.

आत्या, तू इथं थांब. पुढचा कागद वेगळा घडी करून ठेवलाय, तो उघडू नकोस. तो बाबांच्या हातात दे आणि आत जाऊन मासा तळ. त्यांना नवा चष्मा घालून स्वतः वाचू दे. वाचता आला नाही तर दोन्ही परत पाठव.

बाबा, अक्षर मुद्दाम बारीक काढलंय. इथपर्यंत वाचताय म्हणजे बरोबर बसलाय. शुक्रवारी मी तुमचा तो वितळलेला चष्मा यंत्राखाली धरला. काचा शाबूत होत्या, जाळ फक्त फ्रेमला लागला होता. ओतिलिया बाई कागद घेऊन शेजारी बसल्या. मी उजव्या डोळ्याची काच लावली आणि आकडे बोलायला लागलो. अधिक साडेचार, वजा अर्धा, एकशे सत्तर. त्या म्हणाल्या, थांब, हा डावा आहे. मी म्हटलं, नाही, उजवा. त्यांनी कागद माझ्या नाकापुढं धरला. मी माझी उजवी बाजू धरून बसवला होता, बाबा. पुन्हा तेच. बगळे. त्यांनी विचारलं, हा माणूस वर्षभर कुरकुरला नाही? मी म्हटलं, नाही, उलटा घालून बसायचा. मग त्यांनी फ्रेम हातात घेतली, सावकाश अर्धा फेरा फिरवून खालचं वर केलं आणि यंत्राखाली धरली. उजव्याच्या जागी उजवी, डाव्याच्या जागी डावी. दिशासुद्धा कागदावरची, कारण तार अर्धा फेरा फिरली तरी तीच तार. म्हणाल्या, तुझ्या बापाला हे एका मिनिटात कळलेलं दिसतंय. तेव्हा ते हसणं मला कळलं. तुम्हाला कळलं होतं काय चुकलंय आणि कुणाचं चुकलंय, आणि तुम्ही दोरा मागितलात. कपाळाला फ्रेमची कड रुतत असताना, पुपो साबण लावता लावता हसत असताना, पोरं दारावरून जात असताना तुम्ही सांगत बसलात की बोगोतात अशीच पद्धत आहे. एका बगळ्यासाठी गल्ली गोळा केलीत आणि या वेळी एक शब्द नाही? कुणी सांगितलं होतं गप्प बसायला? गल्लीसमोर शिवी दिली असतीत तरी ती मी खाल्ली असती, पण हे नको होतं. मी अजून तुमच्यावर चिडलेलो आहे. या चष्म्यातल्या काचा त्याच आहेत, जुन्या, फक्त आपापल्या जागी घातल्यात, आणि बाईंनी दोनदा तपासल्यात. तरी काही चुकलं असेल तर उलटा करू नका. मला लिहा. एक ओळ पुरे, गाढवा पुन्हा चुकलास, एवढीच, तुमच्या हातानं. आणि मेजाच्या पायाखाली घालायला दुसरा कागद शोधा, हा मला लागेल. पुपोच्या पुतण्याचा बयाणा त्याच्या काकाच्या दुकानात, खुर्चीत गिऱ्हाईक बसलेलं असताना, मोजून परत करा. चष्मा घालून मोजा. लाल दोरा उजवीकडे. उजवी म्हणजे तुमची उजवी.

तुमचाच, अजून न शिकलेला,
विल्फ्रिदो

सोबत पंचेचाळीस हजार पेसो.